यंत्र चालू होतं

भोंगा वाजला नाही अशी तक्रार माझ्याकडे कोणी केलीच नाही. केली असती तर मी गेलो असतो, पेटी उघडली असती, चार शब्द ऐकून घेतले असते आणि काम करून घरी आलो असतो. आयुष्यभर तेच केलं. या वेळी मला एकच प्रश्न विचारला गेला. मी त्याचं एका वाक्यात उत्तर दिलं आणि ते वाक्य खरं होतं. संपादकांनी फोनवर सांगितलं, "धंद्यातल्या गमती लिहा, दिवाळी आहे, हलकंफुलकं येऊ द्या." गमती आहेत माझ्याकडे, एखादी सांगतोही. पण माझ्या मनात गेलं वर्षभर जे बसलंय ते हलकं नाही, आणि ते टाळून बाकीचं लिहायला बसलो तर पेन चालत नाही.

मी आवाजाचा माणूस. मोहोपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात सव्वीस वर्षं भोंग्यांचं खातं सांभाळलं. रासायनिक कारखान्यात भोंगा ही शोभेची वस्तू नसते. कुठे गळती झाली, तर कुठल्या दिशेला पळायचं हे भोंगाच सांगतो. म्हणून दर सोमवारी सकाळी दहाला चाचणी व्हायची आणि तिचा एक नियम होता. भोंगा वाजवणाऱ्याने "वाजला" असं लिहायचं नाही. जिथे तो ऐकू यायला हवा तिथल्या माणसाने "ऐकला" म्हणून सही करायची. त्या सह्या गोळा करत मी सायकलवरून कारखानाभर हिंडायचो.

एकदा बॉयलरकडच्या भोंग्याची तार उंदराने कुरतडली होती, तरी तिथल्या ऑपरेटरची "ऐकला" अशी सही वहीत होती. मी त्याला साहेबांच्या पुढ्यात उभा केला. "ऐकला नाहीस तर सही कशी केलीस?" तो बिचारा म्हणाला, "दर सोमवारी वाजतो, आज पण वाजला असंल." मी त्याला सगळ्यांदेखत असा काही झापला की पुढे तो माझ्याकडे बघून हसायचा बंद झाला. तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता. आज तो भेटला तर मी नजर चुकवीन.

कारखाना सुटला तोवर आवाजाचा धंदा बदलला होता. लांबच लांब तारा गेल्या. आता आवाज नेटवर्कवरून जातो आणि प्रत्येक भोंग्याखाली पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली चालते, ती फुकट मिळते आणि सहसा बंद पडत नाही. पंचावन्नाव्या वर्षी मी ती शिकलो. घरात नातवाचा अभ्यास आणि माझा अभ्यास एकाच टेबलावर चालायचा. कर्जत-खालापूर पट्ट्यात हे काम जाणणारा मीच, त्यामुळे शाळा, मंगल कार्यालयं आणि फार्महाउसं यांची कामं आपोआप येत गेली.

फार्महाउसवाल्यांइतकी माझी करमणूक कुणीच केली नाही. एका मुंबईकर साहेबांनी नऊ स्पीकर लावून घेतले. दिवाणखान्यात, व्हरांड्यात, न्हाणीघरात आणि एक गोठ्यात. गोठ्यात तीन गाई. त्यांना संध्याकाळी बासरी ऐकवली की दूध वाढतं असं साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. तिथे राखण करायला नामदेव नावाचा चाळिशीचा माणूस होता, वर डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, गाय बासरीनं दूध देत नाय. ती पेंडीनं देते. पन साहेबाला कोन सांगनार?"

या घरात एक बिघाड होता. आमच्याकडे वीज जाते-येते, त्यात नवल नाही. वीज परत आली की साहेबांच्या घरात सगळे दिवे लागायचे, पेटीवरचा हिरवा दिवा लागायचा, पण आवाज यायचा नाही. नामदेवने प्लग काढून पुन्हा लावला की यायचा. साहेबांनी त्यावरून निष्कर्ष काढला की नामदेवच काहीतरी काड्या करतो. "मला बोल्तात, तू वायर वढतोस," तो मला म्हणाला. "मी कशाला वढू, काका? मला तर त्या बासरीनं झोप येते."

मी पेटीची नोंदवही उघडली. लिनक्समध्ये प्रत्येक काम कधी सुरू झालं, कधी पडलं, याची सेकंदासकट नोंद असते. ती वाचली आणि बिघाड लगेच सापडला. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा त्याच्या आत अनेक छोटी कामं एकामागून एक उठतात. प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी असते आणि त्यात लिहिलेलं असतं, अमक्याच्या नंतर ऊठ. आवाजाच्या कामाच्या चिठ्ठीत "नेटवर्कनंतर" असं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, नेटवर्क आल्यावर. पण लिनक्स त्याचा अर्थ एवढाच घेतं की नेटवर्क आणायला माणूस निघाला. बोलावणं गेलं म्हणजे पाहुणा दारात आला असं होत नाही. आवाजाचं काम उठायचं, नेटवर्क अजून वाटेत, पलीकडे कुणी सापडायचं नाही, की ते गुपचूप बसून घ्यायचं. हिरवा दिवा मात्र जळतच राहायचा, कारण तो विजेचा दिवा, आवाजाचा नव्हे.

याच्यावर खरा इलाज आहे. चिठ्ठीत लिहायचं की नेटवर्क खरोखर जोडलं गेल्याशिवाय उठू नकोस, आणि पडलास तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न कर, करतच राहा. पाच-सहा ओळींचं काम, पण वीज घालवून, आणून, चार वेळा तपासावं लागतं. आणि साहेबांचे पाहुणे फाटकात येऊन उभे होते. मी एकच ओळ लिहिली: आधी चाळीस सेकंद थांब. तिथला राउटर अर्ध्या मिनिटात उठायचा, त्यामुळे चाळीस पुरले. बासरी वाजली, गाईंनी मान वर केली नाही, साहेब खूश. मी म्हणालो, "सेटिंग होतं, झालं." तुमच्या माणसाचा यात काही दोष नव्हता, हे एक वाक्य मी बोललो नाही. नामदेवनेही बोलून दाखवलं नाही, पण तो वाट बघत होता हे मला कळलं होतं.

तरीही त्यानेच माझं नाव त्याच्या सरपंचांना सांगितलं. गावाचं नाव लिहीत नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडचं गाव, एवढं पुरे. गाव खाली, आणि त्याच पंचायतीची नामदेवची वाडी वर, तासाभराची चढण. वाडीत मोबाइलला रेंज नाही. पंचायतीला हवं होतं की ऑफिसात माइकवर बोललेलं गावातल्या भोंग्यासारखंच वाडीतल्या भोंग्यावरही ऐकू जावं. मी दोन्हीकडे वायरलेसच्या ताटल्या समोरासमोर बसवल्या, वाडीच्या शाळेवर भोंगा चढवला आणि त्या भोंग्याखाली माझी पेटी.

तोवर तिथे निरोप पायी जायचा. मयताचा निरोप, म्हणजे सांगावा, न्यायची एक रीत होती. दोन माणसं जायची. ती घरात शिरत नसत, पाणी घेत नसत, अंगणातच उभी राहायची आणि सांगायची. आणि ज्याला सांगायचं त्याच्या तोंडून "समजलं" असं ऐकल्याशिवाय पाठ फिरवायची नाहीत. तो रडत असला तर थांबायची, शेतावर गेला असला तर बोलावून आणेपर्यंत थांबायची. मला ही रीत नामदेवनेच सांगितली, मी खांबावर चढलेलो असताना. मी वरून म्हणालो, "आता तंगडतोड वाचली तुमची." कारखान्यात सह्या गोळा करत हिंडणारा मी, पण हे ऐकून मला काहीही आठवलं नाही.

उद्घाटनाला वाडीच्या शाळेत पाहुणे आले, नारळ आला. या वेळी मी चिठ्ठी अगदी रीतसर लिहून नेली होती. पण ऐन वेळी शाळेवरची ताटली हलली, जोड होईना, आणि माझ्या रीतसर लिहिण्याप्रमाणे पेटी नेटवर्कची वाट बघत बसली. सरपंच दोनदा म्हणाले, "काका, पावनं उभे हायत." मी ताटली सरळ केली आणि आणखी थांबायला नको म्हणून त्या सगळ्या ओळी खोडून हाताला सवयीची झालेली ओळ टाकली. चाळीस सेकंद थांब. भोंगा वाजला, टाळ्या पडल्या. काम पूर्ण व समाधानकारक असल्याच्या कागदावर मी सही केली. घरी आल्यावर नीट करू असं ठरवलं होतं. घरी आल्यावर दुसरं काम आलं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. पावसाळा सरता सरता एका दुपारी गडगडाट होऊन गाव आणि वाडी दोन्हीकडची वीज एकदम गेली. संध्याकाळी साडेपाचला ती आली. दोन्ही ताटल्या एकाच वेळी उठल्या आणि एकमेकींना शोधू लागल्या. त्यांना जुळायला चार मिनिटं लागली. आवाजाचं काम चाळीस सेकंद थांबलं, उठलं, पलीकडे कुणी नाही हे बघून बसलं. पडलास तर पुन्हा ऊठ, ही ओळ मी लिहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातले बळीराम छातीत कळ येऊन गेले. त्यांना एकच बहीण, येसूबाई, वाडीत दिलेली. बहीण-भावात तीन वर्षं बोलणं नव्हतं. भावाला शेताचा तुकडा एका फार्महाउसवाल्याला द्यायचा होता आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला नव्हता. "बापाच्या जमिनीत कुनाचा तरी कुत्रा फिरल, ते मला बघवनार नाय," एवढंच तिचं म्हणणं. तुटलं तरी ती सख्खी बहीण. साडेसातला बळीरामांचा मुलगा संजय पंचायतीत आला आणि माइकवर स्वतः बोलला, "वाडीच्या येसूआत्याला सांगावा, बाबा गेले. अकराला उचलनार. आत्ये, ये." गावातला भोंगा वाजला. अख्ख्या गावाने ऐकलं. भोंगा बोलला म्हणून वाडीकडे कुणी माणूस धाडला नाही.

बारापर्यंत थांबले. येसूबाई आली नाही. तीन वाजता बाजारातून परतलेल्या कुणीतरी तिला वाटेत गाठून विचारलं, "भाऊ गेला, तू नाय गेलीस ती?" ती तशीच, डोईवरचा भारा खाली टाकून धावत सुटली. गावात पोहोचली तेव्हा मंडळी आंघोळी करून घरी बसली होती. भावजयीने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरपंचांनी मला बोलावलं. मी आधी वाडीत जाऊन पेटी उघडली. नोंद स्पष्ट होती. संध्याकाळी साडेपाचनंतर दोन ओळी, पलीकडे कुणी सापडत नाही, काम थांबलं. त्याखाली कोरं. संजय माइकवर बोलला तेव्हा वाडीचा भोंगा चौदा तासांपासून मुका होता आणि त्याच्याखाली हिरवा दिवा जळत होता. मी पेटी बंद केली आणि खाली उतरलो.

पंचायतीत सरपंच, संजय, नामदेव आणि चार-पाच जण होते. दाराजवळ जमिनीवर येसूबाई बसली होती. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो, त्यात मी. संजय म्हणत होता, "आत्याचं नाव घेऊन बोललो मी. गावानं आयकलं. तिनं आयकलं नाय? वाडीवालं तिचंच वढनार." वाडीचा नामदेव सांगत होता की वाजलाच नाही, आणि त्याला कुणी मोजत नव्हतं.

सरपंच माझ्याकडे वळले. "काका, तुमी जानकार. एकच सांगा. त्या सकाली वाडीचं यंत्र चालू व्हतं का बंद?"

मी म्हणालो, "यंत्र चालू होतं."

हे खरं होतं. पेटीला वीज होती, दिवा होता, कॉम्प्युटर जागा होता. याच्यापुढे दुसरं वाक्य होतं, पण भोंगा वाजला नाही, आणि तिसरं होतं, चूक माझी. ती दोन्ही माझ्या तोंडात होती. शेजारच्या दोन गावांनी मला अशाच कामाबद्दल विचारलं होतं. समाधानकारक या शब्दाखाली माझी सही होती. ही कारणं मी आज देतो, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली आणि मी घाबरलो. चाळीस वर्षं आवाजाचं काम केलेल्या माणसाला एक वाक्य बोलता आलं नाही.

संजय उठला. "आयकलंत सगल्यांनी?"

येसूबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती संजयला म्हणाली, "माज्या कानावर आलं नाय रं बाबा. आलं असतं तं मी रांगत आली असती." मग पदर सावरून ती निघून गेली.

त्याच दुपारी मी पुन्हा वाडीत चढलो आणि चिठ्ठी जशी हवी तशी लिहिली. नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांब, पडलास तर दहा सेकंदांनी पुन्हा ऊठ, आणि भोंगा वाजला की खाली ऑफिसात पावती दिसू दे. दोन तास लागले. नामदेव शिडी धरून उभा होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी बिघाड व्हता तर."

"सुधारणा केली," मी म्हणालो.

त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि तो निघून गेला. फार्महाउसच्या कामासाठी त्यानंतर साहेबच फोन करायचे, नामदेव नाही.

यंदा पावसाळ्याआधी देखभालीला वाडीत गेलो. संजयचं लग्न झाल्याचं आणि आत्याला पत्रिका न गेल्याचं मला खालीच कळलं होतं. मी मुद्दाम दोन्हीकडची वीज घालवली, आणली, पाच वेळा. पाचही वेळा भोंगा वाजला. "हा चाचणीचा आवाज आहे" असं डोंगरावर आपटून परत येत होतं. येसूबाई शाळेच्या पायरीवर नाचणी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चाळीस सेकंदांचं, नोंदीचं, पंचायतीत न बोललेल्या वाक्यांचं.

तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "दादा, हे मला कशाला सांगता? वाजला नाय ते मला म्हायती हाय. तिकडं सांगा ना." नाचणीतला खडा काढून म्हणाली, "ह्यो आता बरा वाजतो. पन मला व्हता एकच भाऊ."

मी उतरलो तो थेट सरपंचांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "वरीस होत आलं, काका. आता उकरून काय मिलनार?" म्हणाले आणि चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. बळीरामांच्या घरी गेलो. अंगणात उभा राहिलो. येसूबाईची भावजय बाहेर आली. तिने आत बोलावलं, पाणी विचारलं, मी नको म्हणालो. उभ्या उभ्या सांगितलं, "त्या दिवशी वाडीत भोंगा वाजला नव्हता. येसूबाईंनी ऐकलं नाही. चूक माझी होती, आणि ती मी लपवली."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "पंचायतीत तर यंत्र चालू व्हतं म्हनालात."

"हो."

"तुमी म्हनालात म्हनून आमी ठरवलं, तिचं तोंड बघायचं नाय. पोराच्या लग्नात दारात आली व्हती. हलद लावू द्या म्हनाली. मी तिला हाताला धरून भायेर काढली." तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी अंगणात उभा राहिलो. रीत मला माहीत होती, समोरचा "समजलं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. ऊन कलंडलं, शेजारची माणसं येऊन बघून गेली. दार उघडलं नाही. शेवटी मी निघालो.